सॉफ्टवेअर विकासातील कोडचा पुनर्वापर आणि त्याचे मापन : एक विवेचन

गोषवारा :

सॉफ्टवेअर विकसित करताना पूर्वी लिहिलेला कोड पुन्हा उपयोगात आणणे ही सर्वमान्य रीत आहे. तथापि, हा पुनर्वापर किती झाला हे सांगणारा आकडा, मोजणीचे नियम बदलताच, एकाच प्रणालीसाठी २५ टक्के किंवा ९३ टक्के असा काहीही येऊ शकतो. प्रस्तुत लेखात पुनर्वापराची संकल्पना, त्याच्या मापनाच्या प्रमुख पद्धती, त्यांमागील गृहीतके आणि मर्यादा यांचे विवेचन केले असून, महाराष्ट्रातील दस्त नोंदणीच्या संगणकीकरणाचे उदाहरण आणि महाविद्यालयीन प्रकल्पांचे मूल्यमापन यांच्या संदर्भात त्यांचा अर्थ स्पष्ट केला आहे.

बीजशब्द : सॉफ्टवेअर, कोड, पुनर्वापर, मापन, घटक, देखभाल, प्रकल्प मूल्यमापन

१. प्रस्तावना :

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात अंतिम वर्षाच्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा सुरू असताना परीक्षकाकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘यातील तुम्ही स्वतः किती लिहिले?’ प्रश्न साधा असला तरी उत्तर साधे नाही. ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव, प्रवेश व शुल्क, वसतिगृहाच्या नोंदी असे विषय घेऊन विद्यार्थी प्रकल्प करतात. त्यासाठी ते एखादी तयार चौकट घेतात, मुक्तस्रोत घटक जोडतात, कोठेतरी मिळालेला कोड थोडा बदलून बसवतात आणि उरलेला भाग स्वतः लिहितात. ‘सर्व मीच लिहिले’ असे सांगणारा विद्यार्थी बहुधा सत्य सांगत नसतो. ‘बराचसा भाग तयार होता’ असे प्रामाणिकपणे सांगणारा मात्र गुण गमावतो. उद्योगक्षेत्रात याच्या नेमके उलट घडते. तेथे तयार व तपासलेला कोड न वापरता सर्व काही नव्याने लिहिणाऱ्यास त्याचे कारण विचारले जाते.

अध्यापकवर्गास टक्केवारीची भाषा अपरिचित नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी प्रबंध व शोधनिबंध यांतील साम्याचे स्तर ठरवून दिले. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले गेले. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांहून अधिक असे पुढील स्तर कारवाईस पात्र ठरले. हीच पट्टी कोडला लावली तर आज वापरात असलेले जवळजवळ प्रत्येक उपयुक्त सॉफ्टवेअर दोषी ठरेल. लेखनात जे साम्य दोष मानले जाते, ते कोडमध्ये योग्य रीतीने व श्रेय देऊन आले असेल तर गुण ठरते. म्हणूनच कोडच्या पुनर्वापराचे मापन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात या प्रश्नास आर्थिक बाजूही आहे. जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांतील महाविद्यालये, पतसंस्था, बाजार समित्या आणि ग्रामपंचायती यांच्या दैनंदिन कामाचे स्वरूप पुष्कळ अंशी सारखे आहे. पावती, नोंदवही, थकबाकी आणि दाखला या गोष्टी सर्वत्र येतात. हे काम करणारी प्रणाली प्रत्येक संस्थेने नव्याने लिहवून घ्यावी की एकदा नीट लिहिलेली प्रणाली अनेकांनी वापरावी, याचा निर्णय पुनर्वापराचा लाभ मोजता आल्याशिवाय करता येत नाही.

२. संकल्पनेची पार्श्वभूमी :

पुनर्वापराची कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील ‘एडसॅक’ हा संगणक १९४९ मध्ये कार्यान्वित झाला. त्यावर काम करणाऱ्या विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी वारंवार लागणाऱ्या उपआज्ञावलींचा संग्रह तयार केला व १९५१ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वर्गमूळ काढणे किंवा संख्या छापणे यासाठी प्रत्येकाने नव्याने आज्ञा लिहू नयेत, हा त्यामागील हेतू होता.

या विचारास व्यापक रूप १९६८ मध्ये मिळाले. जर्मनीतील गार्मिश येथे ऑक्टोबर महिन्यात भरलेल्या परिषदेत बेल प्रयोगशाळेचे डग्लस मॅकइलरॉय यांनी सॉफ्टवेअरचे घटक कारखान्यातील सुट्या भागांप्रमाणे तयार व्हावेत, असा प्रस्ताव मांडला. अभियंता ज्याप्रमाणे सूचीतून योग्य मापाचा भाग निवडतो, त्याप्रमाणे आज्ञावलीकाराने अचूकता, वेग व जागा यांच्या गरजेनुसार तयार घटक निवडावा, अशी त्यांची अपेक्षा होती. पुढे १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी प्रणालीचे भाग पाडताना बदलण्याची शक्यता असलेले निर्णय प्रत्येक भागाच्या आत झाकून ठेवावेत, हे तत्त्व मांडले. घटक पुन्हा वापरता येण्यासाठी त्याच्या आत काय आहे हे जाणून घेण्याची गरज पडू नये, ही अट या तत्त्वातून स्पष्ट झाली.

पुनर्वापर वाढला तसा ‘किती झाला?’ आणि ‘किती वाचले?’ हे प्रश्न व्यवस्थापनाकडून विचारले जाऊ लागले. विल्यम फ्रेक्स व कॅरोल टेरी यांनी १९९६ मध्ये तोपर्यंतच्या मापन पद्धतींचा आढावा घेऊन त्यांचे सहा प्रकार केले. खर्च व लाभ, संस्थेच्या पुनर्वापराची परिपक्वता, पुनर्वापराचे प्रमाण, पुनर्वापर अयशस्वी होण्याची कारणे, घटकाची पुनर्वापरक्षमता आणि घटकसंग्रहाचा उपयोग, असे हे सहा प्रकार होत. यांपैकी प्रमाण आणि खर्च व लाभ हे दोन प्रकार व्यवहारात सर्वाधिक वापरले जातात. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्यांविषयी आहे.

३. पुनर्वापर कशास म्हणावे?

मापनापूर्वी व्याख्या निश्चित होणे आवश्यक आहे. एखाद्या प्रणालीसाठी लिहिलेला घटक न बदलता दुसऱ्या प्रणालीत वापरणे, हा पुनर्वापराचा शुद्ध प्रकार होय. या प्रकारात घटकाची मूळ प्रत एकच राहते. वापर करणारे अनेक असतात. देखभाल करणारा एक असतो.

याउलट, जुन्या प्रणालीतील काही ओळी उचलून नव्या प्रणालीत चिकटवणे व नंतर त्यांत बदल करणे, यास सामान्य बोलण्यात पुनर्वापर म्हटले जात असले तरी ती वस्तुतः नक्कल होय. लिहिण्याचे श्रम तिच्यामुळे वाचतात, परंतु त्या क्षणापासून एकाच कोडच्या दोन प्रती अस्तित्वात येतात. मूळ प्रतीत चूक आढळून ती दुरुस्त झाली, तरी दुसरी प्रत चुकीचीच राहते. अशा दहा प्रती असतील तर दुरुस्ती दहा ठिकाणी करावी लागते, आणि त्या दहा जागा कोणत्या हे बहुधा कोणाच्या लक्षात नसते.

यावरून एक साधी कसोटी हाती येते : एका ठिकाणी केलेली दुरुस्ती आपोआप किती ठिकाणी लागू होते? ती सर्व ठिकाणी लागू होत असेल तर तो पुनर्वापर, अन्यथा ती नक्कल. पुढे येणाऱ्या प्रत्येक आकड्याची पारख या कसोटीवर करता येते.

४. मोजणीचे एकक आणि हद्द :

पुनर्वापराच्या प्रमाणाचे सर्वाधिक प्रचलित सूत्र पुढीलप्रमाणे आहे :

पुनर्वापराची टक्केवारी = (पुन्हा वापरलेल्या ओळी ÷ प्रणालीतील एकूण ओळी) × १००

सूत्र सोपे आहे, परंतु त्यातील दोन्ही संख्या निश्चित करणे सोपे नाही. स्पष्टीकरणासाठी एका महाविद्यालयाच्या प्रवेश व शुल्क प्रणालीचे कल्पित उदाहरण घेता येईल. या प्रणालीत एकूण १२,००० ओळी आहेत. त्यांपैकी ७,००० ओळी नव्याने लिहिल्या, २,००० ओळी जुन्या प्रणालीतून घेऊन बदलल्या आणि ३,००० ओळींचे घटक न बदलता वापरले. याशिवाय ज्या तयार चौकटीवर प्रणाली उभी आहे, तिच्या ८८,००० ओळी आहेत.

आता तीन व्यक्तींनी मोजणी केली तर तीन उत्तरे येतात. केवळ न बदललेले घटक मोजणारा ३,००० भागिले १२,००० म्हणजे २५ टक्के सांगेल. बदललेल्या ओळीही धरणारा ५,००० भागिले १२,००० म्हणजे सुमारे ४२ टक्के सांगेल. चौकट सुद्धा हिशेबात घेणाऱ्याचे उत्तर ९३,००० भागिले १,००,००० म्हणजे ९३ टक्के येईल. तिघांपैकी कोणाचीही बेरीज चुकलेली नाही. तिघांनी आखलेली हद्द मात्र वेगवेगळी आहे.

आय.बी.एम. मध्ये पुनर्वापराच्या मापनावर काम केलेले जेफ्री पुलिन यांनी ही संदिग्धता दूर करण्यासाठी काही नियम सुचवले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणक भाषेसोबत किंवा कार्यप्रणालीसोबत येणारा कोड पुनर्वापरात धरू नये. कारण तो वापरण्यावाचून कोणासही गत्यंतर नसते आणि त्यामुळे विकासकाचा निर्णय दिसून येत नाही. बदल केलेला कोड शुद्ध पुनर्वापरात धरू नये, कारण त्याची देखभाल नव्याने अंगावर येते. एकच घटक प्रणालीत अनेकदा वापरला असेल तर तो एकदाच मोजावा. ५०० ओळींचा पावती छापणारा घटक सहा ठिकाणी उपयोगात आणला म्हणून ३,००० ओळींचा पुनर्वापर झाला, असे म्हणता येत नाही. कारण कोणताही शहाणा आज्ञावलीकार तो सहा वेळा लिहिणार नव्हता. या नियमांनुसार वरील उदाहरणाचे उत्तर २५ टक्के येते.

ओळींऐवजी घटकांची किंवा वर्गांची संख्या मोजण्याचीही पद्धत आहे. वस्तुनिष्ठ आज्ञावलीत एक वर्ग दुसऱ्याकडून गुणधर्म वारशाने घेतो. शाम चिदंबर व ख्रिस केमेरर यांनी १९९४ मध्ये सुचवलेल्या सहा मापांपैकी वारशाची खोली आणि थेट वारसांची संख्या ही दोन मापे अशा अंतर्गत पुनर्वापराची कल्पना देतात. मात्र वारशाची साखळी जितकी लांब, तितकी ती समजण्यास अवघड, हेही येथे लक्षात ठेवावे लागते.

५. खर्चाच्या भाषेत मापन :

टक्केवारीवरून प्रमाण कळते, लाभ कळत नाही. तयार घटक फुकट मिळाला तरी तो शोधणे, समजून घेणे, जोडणे आणि तपासणे यांस श्रम पडतात. त्याचप्रमाणे इतरांनी वापरावा म्हणून घटक लिहिताना तो अधिक सर्वसाधारण ठेवावा लागतो, त्याचे दस्तऐवज लिहावे लागतात आणि त्याची तपासणीही अधिक कसून करावी लागते. प्रसिद्ध झालेल्या अनुभवांच्या आधारे पुलिन यांनी दोन मूल्ये सुचवली. नवा कोड लिहिण्याचा खर्च १ मानला, तर तयार घटक वापरण्याचा सापेक्ष खर्च सुमारे ०.२ आणि पुनर्वापरासाठी घटक लिहिण्याचा सापेक्ष खर्च सुमारे १.५ असतो. ही सरासरी मूल्ये आहेत. प्रत्येक संस्थेने ती स्वतःच्या अनुभवावरून निश्चित करणे इष्ट होय.

जॉन गॅफनी व थॉमस ड्यूरेक यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात हे दोन्ही खर्च एकत्र येतात :

सापेक्ष खर्च = १ − पुनर्वापराचे प्रमाण × (१ − वापरण्याचा खर्च − बांधणीचा खर्च ÷ वापरांची संख्या)

वरील उदाहरणातील प्रमाण २५ टक्के, म्हणजे ०.२५ आहे. पुलिन यांची मूल्ये घेऊन गणित केले तर निष्कर्ष पुढीलप्रमाणे येतात. घटक एकाच प्रणालीत वापरला गेला तर प्रणालीचा खर्च साडेसतरा टक्क्यांनी वाढतो. दोन प्रणालींत वापरला गेल्यास प्रत्येक प्रणालीमागे केवळ सव्वा टक्का बचत होते. तीन प्रणालींत ती साडेसात टक्के, तर पाच प्रणालींत साडेबारा टक्के होते. खर्च भरून निघण्याचा बिंदू १.५ ला ०.८ ने भागून मिळतो, तो १.८७५ आहे. म्हणजेच किमान दोन वापरांशिवाय गुंतवणूक परत मिळत नाही आणि तिसऱ्या वापरापासून लाभ ठळकपणे दिसू लागतो. तीन वेळा गरज भासल्याशिवाय एखाद्या कोडचे सर्वसाधारण घटकात रूपांतर करू नये, असा जो अनुभवी विकासकांचा संकेत आहे, त्यास या गणिताचा आधार मिळतो.

हे गणित लहान संस्थांना विशेष लागू पडते. एकट्या महाविद्यालयाने ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून अतिशय सर्वसमावेशक प्रणाली बनवून घेणे तोट्याचे ठरते. तेच काम पाच महाविद्यालयांनी एकत्र येऊन केले तर फायद्याचे ठरते. फरक कोडच्या गुणवत्तेत नसून वापरांच्या संख्येत आहे.

६. बदललेल्या कोडचा हिशेब :

प्रत्यक्षात शुद्ध पुनर्वापरापेक्षा ‘थोडा बदल करून’ केलेला वापर अधिक आढळतो. बॅरी बोहेम यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या ‘कोकोमो’ या खर्चाच्या प्रतिमानात अशा कोडसाठी सूत्र दिले आहे. आराखड्यातील बदलाच्या टक्केवारीस ०.४, कोडमधील बदलाच्या टक्केवारीस ०.३ आणि पुन्हा जोडणी व तपासणी यांच्या टक्केवारीस ०.३ इतके भारांक देऊन तिन्हींची बेरीज करावयाची असते. वरील उदाहरणातील २,००० ओळींच्या आराखड्यात १० टक्के, कोडमध्ये ३० टक्के बदल झाला आणि जोडणीचे ५० टक्के काम नव्याने करावे लागले, असे मानले तर ४ अधिक ९ अधिक १५ म्हणजे २८ टक्के येतात. अर्थात त्या २,००० ओळी ५६० नव्या ओळींइतक्या श्रमाच्या ठरतात.

परंतु हे सरळ रेषेतील गणितही अपुरे असल्याचे पुढे दिसून आले. रिचर्ड सेल्बी यांनी अमेरिकेच्या नासा संस्थेतील २५ सॉफ्टवेअर प्रणालींचा अभ्यास केला. त्यांत सरासरी ३२ टक्के भाग पूर्वीच्या प्रणालींमधून जसाच्या तसा किंवा बदलून घेतलेला होता. त्यांच्या सुमारे तीन हजार मॉड्यूलच्या माहितीवरून असे दिसले की, काहीही बदल न केलेल्या मॉड्यूलवरही सुमारे पाच टक्के खर्च येतो आणि थोडासा बदल केला तरी खर्च एकदम उसळी घेतो. याचे कारण उघड आहे. दुसऱ्याने लिहिलेल्या शंभर ओळींपैकी पाच ओळी बदलावयाच्या असल्या, तरी समजून घ्यावयाच्या असतात त्या शंभरही ओळी. यास्तव ‘थोडा बदल’ हा शब्दप्रयोग खर्चाच्या दृष्टीने फसवा आहे.

७. समान भाग व भिन्न भाग : महाराष्ट्रातील उदाहरण

पुनर्वापर यशस्वी व्हावयाचा असेल तर समान काय आणि भिन्न काय यांची वाटणी कोड लिहिण्यापूर्वी व्हावी लागते. याचे एक बोलके उदाहरण भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणात सापडते. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारलेल्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीत देवनागरी, गुजराती, बंगाली, कन्नड, तमिळ इत्यादी ब्राह्मीजन्य लिप्यांतील समान उच्चाराच्या अक्षरांना एकच संकेतांक देण्यात आला. ‘क’ या अक्षराचा संकेतांक सर्व लिप्यांत एकच. त्याची आकृती तेवढी लिपीनुसार बदलते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाद्वारे ही कल्पना व्यवहारात आणली. वर्णमालेची समान रचना हा येथील पुनर्वापराचा खरा आधार होता.

दुसरे उदाहरण दस्त नोंदणीचे आहे. महाराष्ट्रात नोंदणी कार्यालयांच्या संगणकीकरणासाठी २००० च्या दशकात ‘सरिता’ ही प्रणाली आली आणि त्यापुढील दशकात मध्यवर्ती माहितीसाठ्यावर आधारलेली ‘आय-सरिता’ प्रणाली वापरात आली. त्यानंतर केंद्र शासनाच्या भूमी संसाधन विभागासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने देशभरासाठी एक सामायिक नोंदणी प्रणाली विकसित केली. तिचा पहिला वापर पंजाबमध्ये झाला. पुढे गोवा, झारखंड यांसह दहाहून अधिक राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी ती स्वीकारली.

अशी सामायिक प्रणाली शक्य का झाली, याचे उत्तर कायद्याच्या रचनेत आहे. दस्त नोंदणीची मूळ प्रक्रिया १९०८ च्या नोंदणी अधिनियमाने सर्वत्र सारखी ठरवून दिली आहे. दस्त सादर करणे, निष्पादकाने कबुली देणे, ओळख पटवणे, नोंद करणे व दस्त परत देणे हे टप्पे चिखली किंवा मेहकर येथे आणि पंजाबातील एखाद्या तहसिलीत तत्त्वतः तेच असतात. मुद्रांक शुल्काचे दर, मालमत्तेच्या मूल्यांकनाचे नियम, भाषा आणि जमिनीची मोजमापे मात्र राज्यानुसार बदलतात. समान टप्पे गाभ्यात ठेवले आणि बदलणाऱ्या बाबी कोडमध्ये न लिहिता कोष्टकांत ठेवल्या, तर नव्या राज्यासाठी कोड बदलावा लागत नाही. माहिती भरावी लागते.

मापनाच्या दृष्टीने येथे महत्त्वाचा धडा मिळतो. ‘इतक्या राज्यांनी प्रणाली स्वीकारली’ हा आकडा प्रसाराचा आहे, पुनर्वापराचा नव्हे. सर्व राज्ये एकाच गाभ्यावर चालत असतील तर तो शुद्ध पुनर्वापर. प्रत्येक राज्याने आपली प्रत वेगळी करून बदलली असेल, तर काही वर्षांत तितक्याच स्वतंत्र प्रणाली तयार होतात आणि पहिली बचत देखभालीत खर्ची पडते. म्हणून अशा प्रणालींत तीन गोष्टी मोजाव्यात : गाभ्यातील ओळी, केवळ माहिती भरून भागलेले फरक आणि ज्यांच्यासाठी कोड बदलावा लागला असे फरक. तिसरी संख्या जितकी लहान, तितका आरंभीचा विचार अचूक.

पुनर्वापर केवळ कोडचाच होतो असेही नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या संशोधन केंद्रात आराखड्यापासून कोड आपोआप निर्माण करणारी साधने विकसित झाली. अशा ठिकाणी निर्माण झालेल्या हजारो ओळी मोजण्यात अर्थ नसतो. पुनर्वापर होतो तो आराखड्याचा आणि निर्मिती साधनाचा.

८. आकडा जे सांगत नाही :

पुनर्वापराचे प्रमाण अधिक म्हणजे प्रणाली अधिक विश्वासार्ह, असा समज घातक ठरू शकतो. ४ जून १९९६ रोजी ‘एरियन ५’ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील सॉफ्टवेअर ‘एरियन ४’ वरून घेतलेले होते आणि तेथे ते उत्तम चालले होते. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग मात्र अधिक होता. त्यामुळे ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही व यंत्रणा बंद पडली. पर्यायी यंत्रणेतही तोच कोड असल्याने तीही त्याच कारणाने बंद पडली. उड्डाणानंतर चालू राहिलेल्या त्या भागाची ‘एरियन ५’ ला गरजही नव्हती. कोड न बदलता वापरला गेला होता. बदलली होती ती परिस्थिती. घटकासोबत त्याची गृहीतकेही येतात आणि ती ओळींच्या मोजणीत दिसत नाहीत.

दुसरा धोका परावलंबनाचा आहे. मार्च २०१६ मध्ये अवघ्या ११ ओळींचा ‘लेफ्ट-पॅड’ हा जावास्क्रिप्ट घटक त्याच्या लेखकाने सार्वजनिक संग्रहातून काढून घेतला आणि जगभरातील असंख्य प्रकल्पांची जुळणी थांबली. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावा घटकात गंभीर सुरक्षा दोष उघड झाला. तेव्हा आपल्या प्रणालीत हा घटक आहे किंवा नाही, हेच अनेक संस्थांना तत्काळ सांगता आले नाही. कारण तो त्यांनी थेट घेतलेला नसून दुसऱ्या घटकासोबत आलेला होता. प्रत्येक प्रणालीसोबत तिच्या घटकांची संपूर्ण सूची देण्याच्या पद्धतीचे महत्त्व अशा घटनांमुळे अधोरेखित झाले. भारतात सर्ट-इन या संस्थेने अशा घटकसूचीविषयी २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पुनर्वापर किती झाला याइतकेच तो कशाचा झाला, हेही नोंदवणे आता आवश्यक मानले जाते.

९. साम्यशोधक साधने आणि महाविद्यालयीन प्रकल्प :

कोडमधील साम्य शोधण्यासाठी अनेक साधने उपलब्ध आहेत. ॲलेक्स आयकेन यांनी १९९४ मध्ये तयार केलेली ‘मॉस’ ही प्रणाली विद्यार्थ्यांच्या आज्ञावलींतील साम्य दाखवते. नकलांचे साधारणतः चार प्रकार मानले जातात : जशीच्या तशी नक्कल, नावे बदलून केलेली नक्कल, ओळी कमीअधिक करून केलेली नक्कल आणि शब्दरचना वेगळी पण कार्य तेच असलेली नक्कल. पहिले दोन प्रकार यंत्राला सहज सापडतात, तिसरा कमीअधिक प्रमाणात सापडतो आणि चौथा बहुधा निसटतो.

साम्य किती सार्वत्रिक आहे, याची कल्पना २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून येते. गिटहब या संकेतस्थळावरील सुमारे ४५ लाख प्रकल्पांतील ४२.८ कोटी फायली तपासल्या असता त्यांपैकी केवळ ८.५ कोटी फायली एकमेकींहून भिन्न आढळल्या. अशा जगात प्रकल्पात साम्य आढळले, एवढ्यावरून विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणाविषयी काहीच सिद्ध होत नाही. २०२१ नंतर प्रसार पावलेल्या, सूचनेवरून कोड लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे उलट दिशेनेही हेच खरे ठरते. साम्य आढळले नाही, म्हणून तो कोड विद्यार्थ्याने लिहिला असे म्हणता येत नाही.

यावर उपाय म्हणून प्रकल्प अहवालासोबत एका पानाचे ‘पुनर्वापर विवरण’ मागवता येईल. त्यात कोडची चार गटांत विभागणी असावी : न बदलता वापरलेले घटक, बदल करून वापरलेला कोड, साधनाकडून निर्माण करवून घेतलेला कोड आणि स्वतः लिहिलेला कोड. पहिल्या तीन गटांतील प्रत्येक बाबीपुढे तिचा स्रोत, परवाना आणि ती निवडण्याचे कारण लिहावे. अनेक मुक्तस्रोत परवान्यांत मूळ लेखकाचा उल्लेख कायम ठेवण्याची अट असते. विद्यार्थिदशेतच ती पाळण्याची सवय लागणे हिताचे आहे. तोंडी परीक्षेत ‘किती लिहिले?’ याऐवजी पुढील प्रश्न विचारता येतील : हा घटक का निवडला? तो कोणती गृहीतके धरतो? त्यात दोष आढळल्यास तुमच्या प्रणालीत किती ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल? उसना कोड समजून घेतलेला विद्यार्थी या प्रश्नांना सामोरा जाऊ शकतो. न समजता चिकटवणारा अडखळतो.

१०. समारोप :

पुनर्वापराची टक्केवारी हे मोजमाप दिसत असले, तरी मुळात ते एक विधान असते. काय मोजले, हद्द कोठे आखली आणि बदललेला कोड कोणत्या बाजूस धरला, हे सोबत सांगितल्याशिवाय त्या विधानास अर्थ प्राप्त होत नाही. प्रमाणाच्या जोडीला खर्चाचा हिशेब घेतला तर पुनर्वापर विनामूल्य नसतो आणि वापरांची संख्या वाढल्याशिवाय तो फलदायी होत नाही, हे स्पष्ट होते. दस्त नोंदणीचे उदाहरण असे दर्शवते की, समान व भिन्न यांची वाटणी आरंभीच करणे हीच खरी गुंतवणूक होय.

जिल्ह्यातील महाविद्यालयांपुढे या दृष्टीने दुहेरी संधी आहे. आपल्या सारख्या गरजांसाठी एकत्रितपणे घटक विकसित करता येतील आणि दरवर्षी नव्याने लिहून बासनात बांधल्या जाणाऱ्या विद्यार्थी प्रकल्पांना त्या घटकांवर पुढची भर घालण्याचे काम देता येईल. ग्रंथालयाच्या देवघेवीची प्रणाली दरवर्षी पहिल्या ओळीपासून लिहिण्याऐवजी, मागील तुकडीच्या कोडमधील एक दोष शोधून तो सर्व ठिकाणी दुरुस्त करून दाखवणारा विद्यार्थी पुनर्वापराचा अर्थ अधिक चांगल्या रीतीने शिकलेला असेल. त्याच्या कामाचे मोजमाप त्याने लिहिलेल्या ओळींवरून नव्हे, तर त्याच्यामुळे इतरांना लिहाव्या न लागलेल्या ओळींवरून करावे लागेल.